एजंट, टोकन आणि आमचं वन बीएचके

“स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं!” डोंबिवलीत ज्याने घर शोधलंय त्याला हे वाक्य तोंडपाठ असतं. ही पाच मिनिटं रिक्षाची, बाइकची, की रात्री बारा वाजता रस्ता मोकळा असताना एजंटच्या स्वतःच्या गाडीची, हे मात्र कोणी सांगत नाही. मी एकदा मोबाईलवर स्टॉपवॉच लावून चालले. एकवीस मिनिटं लागली. आणि मी पहिल्या लेक्चरला रोज पळत येणारी मुलगी आहे, रमतगमत चालणारी नाही!

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून मागे लागले तेव्हा डोक्यात दोनच गोष्टी होत्या, एम-थ्रीची केटी आणि आमचं घर. केटीवर लिहिण्यासारखं काही नाही. म्हणून घराबद्दल लिहितेय, म्हणजे खरं तर एजंटबद्दल. हॉस्टेलमधले बरेच जण पुढच्या वर्षी नोकरीला लागून ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत भाड्याने खोली शोधणार. आणि आमच्या डिपार्टमेंटचे निदान दोन सर तरी घोडबंदर रोडचे फ्लॅट बघतायत, हे प्रॅक्टिकलच्या वेळी त्यांना येणाऱ्या फोनवरून सगळ्या बॅचला माहीत आहे.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला. वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आजोबांनी १९८७ साली घेतलेलं. आजीचे गुडघे गेले तेव्हापासून ती फक्त दवाखान्यात जायला खाली उतरायची. बाबांची रिटायरमेंट चार वर्षांवर. म्हणजे लोन मिळायचं तर आत्ताच. हे घर विकायचं, आलेल्या पैशात लोन घालायचं आणि लिफ्टवालं वन बीएचके घ्यायचं, एवढा साधा प्लॅन होता. आम्ही त्यावर दोनदा प्रयत्न केले. पहिला फसला, आणि तो फसण्यात माझाही हात होता.

त्याआधी एजंट म्हणजे नक्की कोण, ते सांगते. आपल्याकडे तीन प्रकार दिसतात. एक, स्टेशनजवळ एका शटरचं दुकान, बाहेर बोर्ड, “फ्लॅट, शॉप, रो हाऊस, हेवी डिपॉझिट मिळेल”. दोन, मोठ्या प्रोजेक्टवर टाय लावून फिरणारे, त्यांना चॅनेल पार्टनर म्हणतात. आणि तीन, सोसायटीचा वॉचमन, दूधवाला, इस्त्रीवाला, ज्यांना कोणाचं घर रिकामं होतंय ते सगळ्यांच्या आधी कळतं आणि जे ती बातमी पहिल्या प्रकाराला विकतात.

पैसे कोण देतं, यावर सगळं अवलंबून असतं. नवीन प्रोजेक्टमध्ये बिल्डर एजंटला कमिशन देतो. तुम्हाला “झिरो ब्रोकरेज” असं सांगतात आणि आपण खूश होतो. पण ते कमिशन फ्लॅटच्या किमतीतूनच जातं. शिवाय तो माणूस बिल्डरचा आहे, आपला नाही, हे विसरायला होतं. रिसेलमध्ये, म्हणजे जुनं घर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून एक ते दोन टक्के घेतात. म्हणजे एकच माणूस विकणाऱ्याला सांगतो “मी तुम्हाला जास्तीत जास्त भाव मिळवून देतो” आणि घेणाऱ्याला सांगतो “मी तुमच्यासाठी कमी करून घेतो”. दोन्ही खरं कसं असेल? तो ना तुमचा, ना समोरच्याचा. तो डीलचा असतो. डील झालं तर त्याला पैसे, नाही झालं तर वर्षभर चावी घेऊन जिने चढला तरी शून्य. यात त्याला शिव्या देण्यासारखं काही नाही. पण आपण हे लक्षात ठेवून त्याच्याशी बोलायला हवं, आणि आम्ही ते ठेवलं नाही.

२०२२ चा मे महिना. दहावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते. एका एजंटने कल्याण-शीळ रोडच्या आतल्या बाजूला एक नवीन इमारत दाखवली. सात मजले, लिफ्ट, खिडकीतून चक्क झाडं. किंमत आमच्या बजेटमध्ये, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. आजी लिफ्टने वर गेली आणि परत खाली आली आणि पुन्हा वर गेली, नुसतीच. तिचा चेहरा बघून बाबा विरघळले. एजंट म्हणाला, “काका, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. आज टोकन दिलंत तर मी त्यांना थांबवतो.” बाबांनी एटीएममधून आणि आईच्या डब्यातून मिळून ५१ हजार रोख दिले. पावती कशावर? त्याच्याच व्हिजिटिंग कार्डाच्या मागे, पेनने!

आता माझा पराक्रम. ब्रोशरवर रेराचा नंबर छापलेला होता. मी घरातली टेक्निकल मेंबर. महारेराच्या साइटवर नंबर टाकला आणि प्रोजेक्ट सापडला की हो! नंबर पी५१७ ने सुरू होणारा, म्हणजे ठाणे जिल्ह्याचा, अगदी व्यवस्थित. मी बाबांना छाती काढून सांगितलं, “रजिस्टर्ड आहे, डोळे झाकून घ्या.”

डोळे उघडले आमच्या गल्लीतल्या अण्णांनी. अण्णा म्हणजे त्या पहिल्या प्रकारचे, एका शटरवाले, आजोबांना ओळखणारे. हे डील त्यांचं नव्हतं, त्यांना त्यात एक रुपया मिळणार नव्हता. बाबांना म्हणाले, “रेराचा नंबर बघितलास ते बरं केलंस. पण त्या नंबराला ज्या कागदावर उभं केलंय तो कागद बघितलास का? महापालिकेत जाऊन सीसी विचारून ये आधी.”

सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, कमेन्समेंट सर्टिफिकेट. आणि ओसी म्हणजे इमारत पूर्ण झाल्यावर राहायला जायची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र. दोन्ही महापालिका देते, रेरा नाही. रेरावर बिल्डर हे कागद अपलोड करतो. बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून कल्याणला महापालिकेच्या नगररचना विभागात गेले. तिथल्या बाईंनी रजिस्टर बघितलं, परत बघितलं आणि म्हणाल्या की या नंबरची परवानगी आम्ही दिलेलीच नाही. आम्ही टोकन परत मागितलं. चार महिने फेऱ्या घातल्यावर ३० हजार मिळाले. उरलेले २१ हजार “ऑफिस खर्च”.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता पेपरमध्ये सगळं आलं. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. आर्किटेक्ट संदीप पाटील यांनी हे प्रकरण मुंबई हायकोर्टात नेलं होतं. पोलिसांची एसआयटी बसली, नंतर ईडी आली. १९ नोव्हेंबर २०२४ ला हायकोर्टाने या इमारती तीन महिन्यांत पाडा असा आदेश दिला. तोपर्यंत त्यांत हजारो माणसं राहायला गेली होती. बँकेचं लोन घेऊन, स्टॅम्प ड्युटी भरून, गृहप्रवेश करून! बातम्यांमध्ये हातात अ‍ॅग्रीमेंट धरून उभ्या असलेल्या बायका बघितल्या की मला आमची आजी लिफ्टमध्ये दिसते.

हे झालं कसं? नोंदणीच्या वेळी अपलोड केलेली सीसी खरी की खोटी, हे महापालिकेशी ताडून बघायची सोय तेव्हा नव्हती. पीडीएफ आहे, शिक्का आहे, सही आहे, झालं. या प्रकरणानंतर महारेराने परवानग्या महापालिकांकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. कॉम्प्युटरवाल्यांना सांगायचं तर इनपुट व्हॅलिडेशनच नव्हतं. आणि मी, सगळ्यात हुशार युजर, आउटपुट बघून खूश!

कल्याण-शीळ पट्ट्यातच असं का, हे मी नंतर बाबांना विचारलं. तिथली २७ गावं २०१५ मध्ये पुन्हा महापालिकेत आली. परवानगी नेमकी कोणाची लागते यावरून लोकांचा जो गोंधळ होता, त्याचा फायदा घेणारे घेत राहिले. अजूनही त्या बाजूला आणि दिव्यात “ग्रामपंचायतीची परवानगी आहे” हे वाक्य अभिमानाने सांगणारा एजंट भेटतो. बहुमजली इमारतीला तो कागद पुरत नाही. आणि हा फक्त कागदाचा प्रश्न नाही. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत, बांधकाम चालू असतानाच, कोसळली. ७४ माणसं गेली. आमच्या सिव्हिलच्या सरांनी ती केस वर्गात शिकवली होती, आणि तेव्हा वर्गात पहिल्यांदा कोणी मोबाईल बघत नव्हतं.

मग एजंटवर कायद्याचं लक्ष नाही का? आहे, पण अर्धं. २०१६ चा रेरा कायदा २०१७ पासून पूर्ण लागू झाला. त्यानुसार रजिस्टर्ड प्रोजेक्टमधले बिल्डरचे फ्लॅट विकणाऱ्या एजंटला स्वतःची नोंदणी लागते. त्याचा नंबर वेगळा, ‘ए’ ने सुरू होणारा. नोंदणी नसताना धंदा केला तर रोज १० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त त्या घराच्या किमतीच्या ५ टक्के. २०२३ पासून महाराष्ट्रात एजंटना ट्रेनिंग आणि परीक्षाही कम्पल्सरी झाली. होय, त्यांनाही परीक्षा! आणि जे बसले नाहीत अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये महारेराने स्थगित केली. म्हणून ‘ए’वाला नंबर नुसता बोर्डावर बघून चालत नाही, साइटवर तो आज चालू आहे का ते बघायचं. पण डोंबिवली, कल्याण, ठाण्याच्या नौपाड्यासारख्या जुन्या भागात व्यवहार बहुतेक रिसेलचे. तीस वर्षं जुन्या सोसायटीतलं घर एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जातं तेव्हा त्या एजंटला हा नियम लागत नाही. तिथे आपली अक्कल आणि त्याची नियत, एवढंच.

दुसरा प्रयत्न गेल्या वर्षी. या वेळी विकायचं काम अण्णांना दिलं. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, किती घेणार, कोणाकडून घेणार, कधी घेणार. अण्णांनी वहीच्या पानावर लिहून दिलं. एक टक्का, आमच्याकडून, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झाल्यावर. (जीएसटीत नोंदणी असलेला एजंट असेल तर यावर १८ टक्के आणखी, हेही आधीच विचारून घ्या. नाहीतर शेवटच्या दिवशी धक्का बसतो.)

चांगला एजंट त्या एक टक्क्यात काय करतो, ते मला तेव्हा कळलं. अण्णांनी गिऱ्हाईक आणायच्या आधी कागद मागितले. शेअर सर्टिफिकेट आजोबांच्या नावावर, नॉमिनी आजी. आम्हाला वाटत होतं आजीची सही झाली की संपलं. अण्णा म्हणाले, “नॉमिनी म्हणजे मालक नाही रे. सोसायटीने तिच्याशी बोलायचं, एवढाच त्याचा अर्थ. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं ना? मग तुझ्या बहिणींचाही हिस्सा आहे.” माझ्या दोन आत्या, एक नाशिकला, एक बडोद्याला. दोघींनी येऊन हक्कसोड पत्रावर सह्या केल्या आणि ते रजिस्टर केलं. हे इतक्या सरळ झालं नाही. मोठ्या आत्याचं आणि बाबांचं महिनाभर बोलणं बंद होतं. तिला पैसे नको होते, पण “कोणी मला विचारलंच नाही” हे तिचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं. पण हे सगळं गिऱ्हाईक यायच्या आधी झालं. टोकन घेतल्यावर समोरच्याच्या बँकेच्या वकिलाने हे काढलं असतं तर डील तिथेच मोडलं असतं. वर नवीन घराचं टोकनही बुडालं असतं.

घर ३६ लाखांना गेलं. सोसायटीच्या कमिटीने ट्रान्स्फरसाठी “बिल्डिंग फंडाला” एक लाख मागितले. अण्णांनी शांतपणे सांगितलं की महापालिका हद्दीत ट्रान्स्फर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, २००१ चं सरकारी परिपत्रक आहे. २५ हजारांत काम झालं.

घ्यायचं घर मात्र अण्णांच्या एरियातलं नव्हतं. ठाण्यात आम्ही चार रविवार घालवले. कासारवडवलीपर्यंत गेलो, भाव ऐकले आणि गुपचूप लोकलने परत आलो. शेवटी कल्याण पश्चिमेला रिसेलचा वन बीएचके आवडला. ओसी असलेली सोसायटी, लिफ्ट चालू. तिथला एजंट वेगळा. त्याने दोन टक्के मागितले. भाव ५४ लाख, म्हणजे १ लाख ८ हजार. घासाघीस करून दीडवर आला.

त्याने एरिया “साडेसहाशे” सांगितला होता. मी सिव्हिलच्या मैत्रिणीला टेप घेऊन बोलावलं. आतून भिंत ते भिंत मोजलं तर ४१० स्क्वेअर फूट! एजंट खोटं बोलत होता असं नाही. जुन्या व्यवहारांत जिना, लॉबी वगैरे धरून सुपर बिल्टअप सांगायची पद्धत होती, ती तोंडात बसलीये. रेरात आता कार्पेटची व्याख्या आहे. घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून, बाल्कनी सोडून. भावाची तुलना करायची तर सगळ्या घरांचं कार्पेट विचारा. आम्ही ते केल्यावर आधी स्वस्त वाटलेला एक फ्लॅट चक्क महाग निघाला.

आणि मग ती ऑफर आली. “साहेब, अ‍ॅग्रीमेंट ४९ लाखांचं करू, पाच लाख वरून कॅश द्या. तुमची स्टॅम्प ड्युटी वाचेल, टीडीएसची कटकट नाही.” ५० लाख किंवा त्याच्या वरच्या व्यवहारात घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो, म्हणून ४९ चा आकडा लाडका. घरमालकालाही तेच हवं होतं. एजंटने सूचक सांगितलं की नाही म्हणालात तर दुसरी पार्टी तयार आहे. पुन्हा तीच दुसरी पार्टी! पण या वेळी प्रश्न खरा होता. आमचं घर विकलेलं, ताबा द्यायला दोन महिने उरलेले, आजीला परत कुठे जिने चढवणार? बाबा दोन रात्री जागे होते, कागदावर आकडे मांडत.

मी त्यांच्याबरोबर बसून मांडले. बँक लोन देते ते अ‍ॅग्रीमेंटच्या आकड्यावर. म्हणजे लोन कमी आणि पाच लाख खिशातून, तेही एकदम. उद्या डील फिसकटलं तर त्या पाच लाखांचा पुरावा शून्य. पुढे कधी विकलं तर आपली खरेदी ४९ चीच धरणार आणि जास्तीच्या नफ्यावर टॅक्स आपण भरणार. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं २०१५ पासून बंद आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि स्टॅम्प ड्युटी? रेडी रेकनरचा दर आणि अ‍ॅग्रीमेंट यात जे जास्त असेल त्यावर लागते, त्यामुळे वाचणार किती तेही नक्की नाही. त्यापेक्षा सरळ रस्ता होता. घर आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महिलांना स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. ५४ लाखांवर ५४ हजार! हे कोणत्याही एजंटने सांगितलं नव्हतं, मला रूममेटच्या मम्मीकडून कळलं.

बाबांनी एजंटला सांगितलं, पूर्ण ५४ चेकने, नाहीतर राहू दे. तीन दिवस फोन नाही. आईने देव पाण्यात ठेवायचे बाकी होते. चौथ्या दिवशी तोच फोन, “पार्टी तयार झाली.” एजंटने त्या तीन दिवसांत मालकाला कसं पटवलं ते त्याचं त्यालाच माहीत, पण दीड टक्का त्याने तिथे कमावला असं मी म्हणेन. या वेळी टोकन चेकने, मालकाच्या नावावर. पावतीत फ्लॅट नंबर, किंमत आणि एक ओळ, कागदपत्रांत दोष निघाला किंवा लोन नाकारलं गेलं तर रक्कम पंधरा दिवसांत परत. एजंटच्या हातात एक रुपया नाही.

हॉस्टेलवाल्यांसाठी थोडंसं. भाड्याच्या खोलीला एजंट साधारण एक महिन्याचं भाडं घेतो, आणि अकरा महिन्यांनी रिन्यूअलला पुन्हा मागतो. ते पुन्हाचं किती, हे पहिल्याच दिवशी ठरवा. लिव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करणं कायद्याने बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. “नोटरी केलंय, चालतं” म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. हेवी डिपॉझिट, म्हणजे चार-पाच लाख ठेवा आणि भाडं नको, हे ऐकायला गोड वाटतं. पण ते पैसे मालक वापरून टाकतो आणि पुढचा भाडेकरू मिळेपर्यंत तुमचे परत येत नाहीत. आमच्या जुन्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब घर सोडायचं ठरवूनही आठ महिने तिथेच अडकलं होतं.

गणपतीच्या आधी आम्ही कल्याणला राहायला गेलो. आजी रोज संध्याकाळी खाली बागेत जाते. पहिले काही दिवस लिफ्टमन समजून वॉचमनला पेढे देत होती. अण्णांना ब्रोकरेजचा चेक द्यायला मी गेले होते. त्यांनी चेक ड्रॉवरमध्ये टाकला आणि विचारलं, “नवीन जागा स्टेशनपासून किती लांब?” मी म्हटलं, पाच मिनिटं. खूप हसले.

तो २०२२ चा एजंट अजून त्याच रोडवर आहे. दिवाळीत बसमधून जाताना बघितलं, दुकान मोठं झालंय, बोर्ड नवीन आहे. आमचे २१ हजार अजून त्याच्याकडेच आहेत आणि त्याचं ते व्हिजिटिंग कार्ड बाबांच्या पाकिटात.